पुरावा कोणाच्या ताब्यात? जालन्यातून तंत्रज्ञान कायद्याचा आढावा

२७ सप्टेंबर २०१४. विधानसभेचे उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. मुदत दुपारी तीनची. जालना मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि दालनाबाहेर व्हिडिओ चित्रण चालू होते. पुढे निकाल लागला, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल आणि मतदारसंघातला एक मतदार असे दोघे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. खोतकरांचा अर्ज तीन वाजून गेल्यावर दाखल झाला, हे त्यांचे म्हणणे. अर्ज किती वाजता आला, याचा सर्वांत चांगला साक्षीदार कॅमेराच होता. न्यायालयाच्या आदेशाने सीडी आल्या, पण त्यांच्यासोबत कायद्याला लागणारे प्रमाणपत्र आले नाही. याचिकाकर्त्यांनी वारंवार मागूनही ते मिळाले नाही.

न मिळालेल्या त्या एका कागदाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे गेला. १४ जुलै २०२० रोजी ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ हा निवाडा झाला. आज देशातल्या कुठल्याही कोर्टात सीसीटीव्हीचे चित्रण, मोबाइलमधले संभाषण किंवा कॉल रेकॉर्ड पुढे आले की जालन्याचा हा खटला वाचला जातो.

तंत्रज्ञान कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंगळुरू, पुणे, मोठ्या कंपन्या आणि काचेच्या इमारती येतात. जालन्याकडे पाहिले की वेगळे चित्र दिसते. देशातले पहिले जनुकीय बदल केलेले पीक बाजारात आणणारी बियाणे कंपनी याच गावची, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा आजचा मुख्य निवाडाही इथलाच. या दोन टोकांमध्ये जिल्हा न्यायालयात आणि तालुका कोर्टांत रोज उभे राहणारे असंख्य वाद आहेत. ते सगळे एकत्र ठेवून पाहिले, तर तंत्रज्ञान कितीही बदलले तरी एक प्रश्न तसाच राहिलेला आढळतो. पुरावा कोणाच्या ताब्यात आहे, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातात तो येणार कसा? हा आढावा त्या प्रश्नाचा आहे.

एका प्रमाणपत्राचा कायदा

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि त्यासोबत जुन्या पुरावा कायद्यात ‘६५-ब’ हे कलम आले. संगणकातून निघालेली नक्कल पुरावा म्हणून द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली हे जबाबदार व्यक्तीने लिहून द्यावे, असे ते कलम सांगत होते. बरीच वर्षे त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. २०१४ मध्ये ‘अन्वर’ निवाड्याने प्रमाणपत्र सक्तीचे ठरवले. २०१८ मध्ये ‘शफी मोहम्मद’ निवाड्याने, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याला सूट दिली. खालच्या कोर्टांनी कोणाचे ऐकायचे, हा पेच जालन्याच्या खटल्याने सोडवला.

न्या. रोहिंटन नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांनी सांगितले की, प्रमाणपत्र सक्तीचेच आहे. मूळ यंत्रच, म्हणजे ज्याचा मोबाइल किंवा लॅपटॉप त्यानेच तो साक्षीच्या पिंजऱ्यात आणला, तर मात्र त्याची गरज नाही. या निवाड्यातला खरा मोलाचा भाग पुढे आहे. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो प्रमाणपत्र देत नसेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा. न्यायालय त्याला ते द्यायला लावू शकते. जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी आपल्या हातात होते ते सगळे केले होते, म्हणून न मिळालेल्या कागदाचा भार न्यायालयाने त्यांच्यावर टाकला नाही. अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही, हे जुने तत्त्व इथे कामी आले. उच्च न्यायालयापुढे इतर पुरावाही होताच. खोतकरांची अपिले फेटाळली गेली आणि त्यांनी दोन्ही याचिकाकर्त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च द्यावा, असा आदेश झाला. तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग पक्षकाराच्या किंवा यंत्र सांभाळणाऱ्याच्या सहीचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाच्या सहीचा. दोन्हींत त्या फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ ही पद्धत वापरली, तर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. चित्रणातला एक सेकंद जरी कापला तरी ती अख्खी ओळ बदलते.

आता कोर्टाच्या आवारातले नेहमीचे दृश्य पाहा. पक्षकार मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, “वकीलसाहेब, सगळं ह्याच्यातच आहे बघा.” बांधावरच्या भांडणाचे चित्रण असते. पण ते त्याच्या मोबाइलने काढलेले नसते. पुतण्याने काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर गावच्या ग्रुपला टाकले आणि तिथून याच्याकडे आले. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना चित्रण आक्रसते, त्यामुळे मूळ फाइलचा आणि या फाइलचा ठसा जुळणार नाही. जाणता वकील पहिला प्रश्न विचारतो, “पुतण्याचा मोबाइल कुठंय? त्यातलं मूळ चित्रण पुसलं तर नाही ना?” निम्मी केस या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

दुसरी अडचण ‘ब’ भागाची. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, हे कलम ६३ सांगत नाही. न्यायसहायक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला, आणि तिच्यापुढे आधीच कामाचा ढीग. मंठा किंवा जाफराबादच्या दिवाणी वादातल्या माणसाने ही सही कोणाची आणायची? कायदा चांगल्या हेतूने कडक झाला, पण कडक कायद्याचा जाच आधी गरीब पक्षकाराला होतो. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या संगणक शिक्षकांची नामिका तयार करून माफक शुल्कात हे काम झाले पाहिजे. त्यासाठी जिल्हा वकील संघ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांनी पुढाकार घ्यावा.

मोंढ्यातले तंत्रज्ञान

संगणकाच्या कितीतरी आधी जालन्यात तंत्रज्ञान बियाण्याच्या थैलीतून आले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना केंद्राची मंजुरी मिळाली आणि देशात जनुकीय बदल केलेल्या पिकाची लागवड कायदेशीर झाली. बोंडअळीला मारणारे ते जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे होते. मग प्रश्न उभा राहिला की, बियाण्यातल्या जनुकाची मालकी कोणाची?

पेटंट कायद्याचे कलम ३(जे) वनस्पती आणि बियाण्याला पेटंट देत नाही. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क देतो. ब्रँडच्या नावाने मात्र त्याला ते विकता येत नाही. या दोन कायद्यांच्या सीमेवर मोन्सॅन्टो आणि नुझिवीडू यांचा खटला चालला. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट रद्द ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला ठेवून दावा पुराव्यासाठी परत पाठवला. २०२१ मध्ये पक्षांत तडजोड झाली आणि मूळ प्रश्नाचा निकाल लागायचा तो राहूनच गेला.

शेतकऱ्याची लढाई मात्र याहून साधी असते. बी उगवले नाही, दुबार पेरणी करावी लागली, आता दाद कोणाकडे? कंपनी म्हणे, बियाण्याचा नमुना द्या, प्रयोगशाळेत तपासू. ज्याने सगळे बी मातीत टाकले, त्याने नमुना आणायचा कुठून? १९९८ मध्ये महिकोच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अडचणीची दखल घेतली आणि नमुना दिला नाही म्हणून शेतकऱ्याची तक्रार बाद होऊ दिली नाही. २०१२ मध्ये ‘नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी’ निवाड्याने शेतकरी हा ग्राहकच आहे आणि ग्राहक मंचाचे दार त्याला उघडे आहे, हे पक्के केले. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

या निवाड्यांचा फायदा घ्यायचा तर तीन गोष्टी हातात हव्यात. कृषी सेवा केंद्राची पक्की पावती, लेबल आणि लॉट नंबर असलेली थैली, आणि तालुका तक्रार निवारण समितीचा शेतातला पंचनामा. थैली फेकली, पंचनाम्याला उशीर झाला, की केस लंगडी पडते. तणनाशक सहन करणाऱ्या बेकायदा कापूस बियाण्याच्या बाबतीत तर पावतीच नसते. या वाणाला मान्यता मिळावी म्हणून जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात जाहीर लागवड केली. त्या मागणीवर मतभेद असू शकतात, पण बिनपावतीची थैली घेणाऱ्याला कोणतेही न्यायालय फारशी मदत करू शकत नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

पुढची लाट दारात आहे. परके जनुक न घालता केलेल्या काही प्रकारच्या जनुक संपादनाला मार्च २०२२ मध्ये केंद्राने कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये असे भाताचे दोन वाण जाहीर झाले. बियाणे उद्योगाच्या या गावात त्या कायद्याचे जाणकार वकील तयार झाले पाहिजेत, शेतकऱ्याच्या बाजूचे आणि कंपनीच्या बाजूचेही.

खात्यातून गेलेले पैसे

आज तालुका पातळीवर तंत्रज्ञानाचा सर्वांत जास्त वाद पैशांचा आहे. लिंक दाबली, खाते रिकामे झाले. पहिले काम वकिलाचे नाही, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करण्याचे आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तरच ते वाटेत अडवता येतात. अडवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

बँकेची जबाबदारी पुष्कळांना माहीत नसते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला की, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याने केलेला घोटाळा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे दायित्व शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर आहे, कारण सगळ्या नोंदी बँकेच्याच संगणकात असतात. बियाण्याच्या खटल्यातला विचारच इथे पुन्हा भेटतो. ज्याच्या ताब्यात पुरावा, त्याने तो पुढे आणावा.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचा आणखी एक मार्ग आहे. कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकू शकतात. हा मार्ग मुंबईला जातो, म्हणून घनसावंगीच्या माणसापर्यंत तो पोचत नाही. सुनावणी दूरदृश्य प्रणालीने आणि अर्ज मराठीत, एवढे झाले तरी हे कलम गावांत जिवंत होईल.

याची दुसरी बाजूही आहे. मोंढ्यातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या खात्यात दूरच्या राज्यातल्या घोटाळ्याचे काही हजार रुपये व्यवहारातून येतात आणि अख्ख्या खात्यावर होल्ड लागतो. व्यापारी निर्दोष, पण हमालांचा पगार अडकतो. वादातली रक्कमच रोखावी, पूर्ण खाते नव्हे, आणि जप्तीचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला आहे का हे तपासावे, या दोन मुद्द्यांवर वकिलाने तातडीने उभे राहायला हवे.

आभासी चलनाचेही वाद येतात. २०२३ च्या सुरुवातीला जालन्यात अशा गुंतवणुकीवरून परस्परविरोधी तक्रारी पोलिसांत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध रद्द केले, २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण कर लागतो म्हणजे सरकारने हमी घेतली, असा अर्थ होत नाही. ठेवी बुडवणाऱ्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा अशा योजनांना लावता येतो का, हे प्रत्येक व्यवहाराच्या कागदांवर ठरते, आणि बहुतेक ठिकाणी कागदाऐवजी फक्त चॅट उरलेले असतात.

सरकारी सर्व्हरची साक्ष

२०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचा फोटो टाकतो. पीक विम्यात राज्यात २०२५ च्या खरिपाआधी नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांत द्यायची असे. म्हणजे पेरा कशाचा होता आणि नुकसान कधी झाले, याचा पुरावा आता सर्व्हरवर बसला आहे. तो तिथे बरोबर पोचला नाही, तर उभे पीक असूनही कागदावर पीक नाही.

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी-गारपिटीच्या अनुदानात बोगस नावे घुसवल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. आरोप खरे की खोटे, ते न्यायालय ठरवेल. पण अशा प्रत्येक प्रकरणात उलटतपासणीचे प्रश्न ठरलेले राहतील. लॉगिन कोणाचे, पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक होता, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर आला, सर्व्हरच्या नोंदी कोणी जपल्या? आरोपीचा वकील असो की सरकारी, हे विचारता आले नाही तर सत्य बाहेर येणार नाही.

इंग्लंडचा धडा इथे लक्षात ठेवावा. तिथे संगणक बरोबरच चालला असणार असे गृहीत धरले जाई. पोस्टाच्या ‘होरायझन’ प्रणालीने हिशेबात खोट्या तुटी दाखवल्या आणि त्यावरून ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, छोट्या टपाल कार्यालयांचे चालक. त्यांची मुक्तता करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. प्रणाली पोस्टाच्या आणि ती पुरवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात होती, तिच्यातल्या चुका आरोपींना दाखवल्याच गेल्या नाहीत.

सरकारच्या हातातले आणखी एक बटण म्हणजे इंटरनेट बंदी. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले. असा आदेश प्रसिद्ध करावा, तो गरजेपुरता आणि मुदतीचा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या ‘अनुराधा भसीन’ निवाड्यात सांगितले आहे. यूपीआयवर चालणारा भाजीविक्रेता त्या दिवशी काय करतो, हा व्यवसायस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. आदेशाची प्रत मागणे ही वकिलीची पहिली पायरी, कारण जो आदेश पाहायलाच मिळत नाही त्याला आव्हान देणार कसे?

ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली माहिती

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून बचत गटांच्या महिला फवारणीचे ड्रोन उडवू लागल्या आहेत. वारा फिरला आणि तणनाशक शेजारच्या तुरीवर गेले, तर? २०२१ च्या ड्रोन नियमांत त्रयस्थाच्या विम्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू केल्या आहेत. ड्रोन किती उंचीवर, कोणत्या गटावरून गेला, याची नोंद यंत्रात असते. ती पुसली जाण्याआधी मागायला हवी.

राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. अ‍ॅपने चुकीचा सल्ला दिला आणि पीक गेले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातले उत्पादन दायित्वाचे प्रकरण कामी येऊ शकते. तक्रारही ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जालन्याच्या आयोगातच करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वकिलांनाही याच तंत्राचा धोका आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेला निवाडा मूळ अहवालात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय युक्तिवादात घालू नये.

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम पतसंस्था, दवाखाने, शाळा, बियाणे कंपन्या अशा सगळ्यांना बांधतील. मुख्य कर्तव्ये नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतील. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही मिळण्याचा पर्याय नागरिकाला आहे. इंग्रजीतल्या पंधरा पानांवर अंगठा उमटवून घेणाऱ्यांना तेव्हा मराठी सूचना कुठे आहे, हे विचारता येईल.

हे काम कोणाचे?

जालना १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. आज इथे जिल्हा न्यायालय आहे, सायबर पोलीस ठाणे आहे, ग्राहक आयोग आहे, आणि औरंगाबाद खंडपीठ सुमारे साठ किलोमीटरवर आहे. साधने नाहीत असे नाही. उणीव आहे ती जुन्या दिवाणी-फौजदारी अनुभवाला नव्या पुराव्याची जोड देणाऱ्या माणसांची. त्यासाठी प्रोग्रामिंग शिकावे लागत नाही. मूळ यंत्र जपून ठेवायला सांगणे, पहिल्याच दिवशी बँकेला किंवा कंपनीला नोंदी राखण्याची नोटीस पाठवणे, प्रमाणपत्र नाकारले तर त्याच तारखेला न्यायालयात अर्ज देणे, आणि पक्षकाराला हे सगळे मराठीत समजावणे, एवढे तरी प्रत्येक तालुक्यात दोन-चार वकिलांना जमलेच पाहिजे.

नव्या पिढीच्या वकिलांना एवढेच सांगणे आहे की, या विषयासाठी गाव सोडायची गरज नाही. आणि वाचकांना विनंती आहे की, बियाण्याची थैली आणि पावती हंगाम संपेपर्यंत ठेवा, मूळ चित्रण पुसू नका, पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, आणि पुरावा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तो लेखी मागा. मागितल्याची पोच जपा. जालन्याच्या याचिकाकर्त्यांना न मिळालेल्या प्रमाणपत्राची सूट मिळाली, ती त्यांनी ते पुन्हा पुन्हा मागितल्याचे सिद्ध झाले म्हणूनच.